आधी घोडीची बादली

आबा,

टांग्याची दोन्ही चाकं माझी. बाभळीचे आरे एकेक तासून बसवले. वरची लोखंडी धाव तेवढी लोहाराची. कुणी शिकवलं नाही, मोडकं चाक सोडवून बघितलं आणि केलं. सागाच्या दांड्या, कातडी लगाम, दिव्याची पेटी, सगळं ह्याच हातांचं. आणि तुम्ही गेल्यावर केलेली पत्र्याची बादली, एकट्या घोडीसाठी. काठ दुमडून घेतलाय, तिचं तोंड कापू नये म्हणून. चांगली झाली. उशिरा झाली.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. नव्या कचेरीला माणसांची रीघ, त्यात रिक्षा आलेल्या, आणि पाणी टँकरचं. घरात बादली एकच. तुम्ही आधी घोडीला पाजायचात, मग उरल्या पाण्यात रुमाल बुडवून तोंड पुसायचात. आई करवादायची, "अहो, नाक वाहून राहिलंय तिचं! ते उष्टं तोंडाला लावता?" तुम्ही हसायचात, "कमावती ती हाय, मी न्हाई. तिचा मान पहिला."

मग ताप, मान ताठ, बडबड. नांदेडच्या दवाखान्यात तुम्ही खाटेवर आहात, मी उशाशी. रक्ताचा रिपोर्ट येतो. डॉक्टर म्हणतात, "हा जंतू जनावरांचा, जास्त करून घोड्यांचा. माणसात क्वचितच सापडतो, पण ह्यांना साखर आहे, अंगात ताकद उरली नाही. घरी घोडं आहे का?"

डोळे मिटूनच तुम्ही म्हणता, "न्हाई."

"हाव, हाय," मी म्हणतो. "घोडी हाय. नाक वाहतंय तिचं."

डॉक्टर गेल्यावर तुम्ही भिंतीकडं तोंड फिरवलंत. "चुगली केलीस तिची. आता विकशील."

मला राग आला. तुमच्या जिवापुढं घोडीचं काय, असं वाटलं. नीट उत्तर जुळवत बसलो, आणि सकाळी तुम्हाला ऐकूच येईना. कान गेले होते. दोन दिवसांनी तुम्हीही गेलात.

आता माझ्याही रक्तात साखर निघाली. तेव्हापासून ते उत्तर स्वस्थ बसू देत नाही. म्हणून लिहितोय, कागद दिव्याच्या पेटीत ठेवीन.

घोडी बरी झाली, आपल्याच दारात म्हातारी होऊन मेली. खरं सांगतो, वर्षभर तिच्या तोंडाकडं बघवलं नाही मला. पाणी पाजताना मान वळवायचो. पण तुम्ही गेल्यावर महिन्याभरात उदगीरचा वरातवाला तिला विकत घ्यायला आला होता, तेव्हा त्याला उभं ठेवून आधी तिला पाजलं, मग न्हाई म्हणालो. चार हजार देत होता, रोख.