मिशी काढली, बाबा

तीर्थरूप बाबा,

निमिषचा नमस्कार. इथून तुमच्या पायांना हात पोचत नाही, म्हणून कागदावरच डोकं टेकतो.

मी मजेत आहे. इथे व्हिटबीत अजून जॅकेट लागतं, पण खांदा अजिबात दुखत नाही. परवा बेसबॉलच्या मॅचमध्ये माझ्या बॉलिंगवर समोरच्या टीमला एकही रन काढता आली नाही. 'क्रिकेटवाला' म्हणून हसणारे आता गप्प आहेत.

कूलर सुरू केला का? तुमच्या ऑपरेशननंतर डॉक्टर काय म्हणाले विचारलं, की आई 'ठीक आहे' म्हणते आणि विषय बदलते. खरं काय ते तुम्हीच लिहा.

मी व्हिडिओ कॉल का घेत नाही, असं तुम्ही आईला विचारलंत म्हणे. नेट चांगलं आहे, बाबा. आमच्या बेसबॉल क्लबात खेळाडूंना दाढी-मिशी ठेवायला बंदी आहे. मी मॅनेजरला सांगितलं, आमच्याकडे वडील गेल्यावरच मुलगा मिशी काढतो. तो म्हणाला, "सॉरी किड, रूल इज रूल." असा संताप आला! बॉल टाकताना मिशी कुठे आड येते? पण कॉन्ट्रॅक्टवर सही केली होती. वॉशरूममध्ये जाऊन काढली, आरशात बघितलं आणि तसाच तुम्हाला फोन लावला. भलत्या वेळी "जेवलात का?" विचारलं होतं ना, ते तेव्हाच.

सप्टेंबरात सीझन संपला की मिशी वाढवूनच नागपूरला येतो. तोवर औषधं चुकवू नका. तिला पुन्हा वस्तरा लावायची वेळ माझ्यावर आणू नका.

तुमचाच,
निमिष