पहिल्या प्रतीचा दात

नरडाणे, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, सन १९९३

जळगाव मुक्कामी रा. रा. रुपचंदभाऊ यांस,

आपला मेहुणा झुलाल याचा मनःपूर्वक नमस्कार. इकडील मंडळी खुशाल असून आपली भगिनी सौ. मंजुळाबाई हीदेखील ठणठणीत आहे (आवाजावरून कळते). आपली पाठदुखी आता उतारास लागली असावी. मी मात्र खुशाल नाही. मला जबर धक्का बसलेला आहे, आणि तो दातात आहे.

माझा वरचा पुढील दात किडला, हे मी कोणास सांगितले नव्हते. परंतु नातवासाठी शिंदखेड्याची मुलगी पाहावयाचे ठरले, आणि ज्येष्ठ या नात्याने बोलणी मी करावयाची. तोंडातील भोकासह ती करणे मला प्रशस्त वाटेना. सबब धुळ्यास दातांच्या डॉक्टराकडे गेलो. वाटले, चांदीसारखे काही भरून देईल. तो म्हणाला, हल्ली दाताच्याच रंगाचा मसाला मिळतो, भरल्याचे कोणास कळतही नाही. (कळावयाचेच नसेल तर भरावयाचे कशाला, हा प्रश्न मी गिळला, कारण तोंडात त्याचा आरसा होता.) मग त्याने एक पट्टी काढली. तीवर ओळीने दात! पांढऱ्यापासून थेट तपकिरीपर्यंत. मी हादरलो, कोणाचे, हे विचारण्याचा धीर झाला नाही. (ते रंगाचे नमुने होते, हे मागाहून समजले.) ती पट्टी माझ्या ओठाशी धरून त्याने एकेक नमुना ताडून पाहिला आणि शेवटून दुसऱ्यावर बोट ठेवले. रुपचंदभाऊ, तो रंग पावसात भिजलेल्या कवडी, म्हणजे डागी कापसाचा होता! उभी हयात मी जिनात कापसाची प्रत नुसत्या नजरेने ठरवली, माझ्या मालास कोणी दुय्यम म्हटले नाही, आणि हा कालचा पोरगा माझ्याच तोंडात प्रत पाडतो! मी बजावले की, झुलाल पहिल्या प्रतीखेरीज माल घेत नाही. तो म्हणाला, "बाबा, बाकीच्या दातांशी जुळायला हवा." मी म्हणालो, "बाकीच्यांनी त्याच्याशी जुळावे." त्याने नाइलाजाने सर्वांत पांढरा मसाला भरला आणि निळा उजेड पाडून दगडासारखा घट्ट केला.

शिंदखेड्यास बैठक भरली. मी घराण्याची माहिती सांगू लागलो तो सर्वांचे डोळे माझ्या ओठांवर. मला वाटले, बोलण्याचा प्रभाव. (मुलीचे दात दिसावेत म्हणून तिला धडा वाचावयास लावण्याची माझी पद्धत आपणांस ठाऊक आहे; ती वाचत होती, पण तिच्याकडे कोणी पाहीना.) इतक्यात मुलीची आजी भिकुबाई, जिला स्वतःस कमी ऐकू येते म्हणून सर्वांनाच कमी येते असे वाटते, मोठ्याने म्हणाली, "आबा, तुमना हाऊ एकच दात खरा शे का? बाकीना बठ्ठा बसाडेल शेतस?" (म्हणजे, बाकीचे सगळे बसवलेले आहेत का?)

मी काय उत्तर द्यावे? पांढरा खोटा व बाकीचे खरे म्हणावे, तर माझ्या खऱ्या दातांची अब्रू जाते. होय म्हणावे, तर सबंध तोंड खोटे ठरते. मी ओठ मिटून पानाचे तबक पुढे ओढले, आणि त्यांनी समजावयाचे ते समजून घेतले. काल पुना नावाचा मध्यस्थ निरोप घेऊन आला: मुलगी देण्यास हरकत नाही, परंतु या घराण्यात दात लवकर पडतात असे दिसते, तरी येत्या गुरुवारी येऊन मुलाचे तोंड एकदा उघडून पाहू. माझ्या नातवाचे! बाजारात बैलाचे पाहतात तसे! त्यास ती मुलगी मनापासून पसंत आहे. तो कालपासून जेवलेला नाही. माझा दात बाकीच्यांसारखा दिसला तर संशय आपोआप फिटेल. परंतु डॉक्टराकडे परत जाऊन शेवटून दुसरा रंग मागणे, हे मजकडून या जन्मी होणार नाही. मुलांस आशीर्वाद, वडीलधाऱ्यांस नमस्कार.

आपला,
झुलाल

ता. क. – चहा-तंबाखूने या मसाल्यावर डाग चढतो, जपावे, असे डॉक्टराने सांगितले होते. म्हणून मी चहा तोंडात धरून बसतो. परंतु त्याचा वेग कमी आहे. तरी आपल्या सौ. वच्छलाबाई दातांस लावतात त्या जळक्या तंबाखूच्या मिश्रीची (जिला मी आपल्या घरी सर्वांदेखत घाणेरडी सवय म्हटले होते) एक डबी आपला गडी लोटन याच्या हाती तातडीने पाठवावी. मंजुळाबाईस कळू नये. तिची मिश्री मी लग्नाच्या वर्षीच सोडवली आहे.

आणखी ता. क. – डबी पाठवू नये. पाकीट चिकटविताना मंजुळाबाईने चहाबरोबर स्वतःची डबी समोर आणून ठेवली. डबी जुनी आहे, मिश्री ताजी आहे. आता तिलाच विचारण्याची सोय नाही. वच्छलाबाईंकडून एवढेच कळवावे: एकाच दातास लावावयाची झाल्यास कोणते बोट वापरतात?