डोळ्यांची आखणी राहिली आहे

प्रिय दादा,

आज वहिनीने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला, म्हणून लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगू? आपल्या पेणच्या कारखान्यात रंग कुणीही देतं, पण गणपतीच्या डोळ्यांची आखणी तुझी होती. तू गेल्यावर ती माझ्याकडे आली. आज सकाळी एकाच मूर्तीचे डोळे मी चारदा पुसले. रेघ जागेवर बसतच नाही रे.

वहिनी ओरडली नाही. माझं मनगट धरून म्हणाली, "भावोजी, तुमची बोटं ह्यांच्यासारखी उडायला लागलीत. जेवण बी नाय जात. काय हाय ते सांगा मला."

मी म्हटलं, "झोप नाय, एवढंच." खोटं बोलायला मला आता विचारही करावा लागत नाही.

तुला तरी खरं सांगतो. चतुर्थी तोंडावर आली की झोप उडवायला आपण घ्यायचो ती पूड, ती मी अजून घेतो. आता बारा महिने घेतो. तोंड कोरडं पडतं. दातांवर दात घासून एक दाढ फुटली. बसल्या जागी छाती धडधडते, घाम फुटतो. पँट सुतळीने बांधतो. लोक म्हणतात, भावाच्या मागे कामात गाडून घेतलंय बिचाऱ्याने. तूही असाच वाळलास, तेव्हा आईने तुझी दृष्ट काढली होती! मीठ-मोहऱ्यांनी काय उतरणार होतं?

तुला कळत नव्हतं का? तू मोठा ना? एकदा तरी माझ्या कानाखाली वाजवायची होतीस.

रोह्याचा तो दिवस काही जात नाही. वहिनीच्या माहेरी मूर्ती पोचवायला गेलो, तू पाट खाली ठेवलास आणि छाती धरून तिथेच बसलास. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला दोनदा विचारलं, "हे काही घेतात का? घाबरू नका, उपचाराला कळायला हवं." मी म्हणालो, "छे हो, देवाचं काम करणारा माणूस. सुपारीसुद्धा नाही." व्यसनी हाताने डोळे आखलेली मूर्ती घरात कोण नेईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. कारखान्याचं नाव राखलं मी. खरं बोललो असतो तर वाचला असतास का? रोज विचारतो तुला.

सोडून पाहिलं, दादा. तीन दिवस नुसता पडून होतो, चौथ्या दिवशी परत पुडी आणली. एकट्याच्याने होत नाही. आणि मला मरायचं नाही रे.

ती मूर्ती वहिनीने पंच्याने झाकून ठेवलीय. "डोळे राहूदेत," म्हणाली, "आधी तुम्ही डॉक्टरकडं चला."

उद्या सकाळच्या एसटीने आम्ही रोह्याला जातोय, त्याच डॉक्टरबाईंकडे. तुला वचन देतो, या वेळी त्यांना दोनदा विचारावं लागणार नाही. वहिनीलाही बाहेर बसवणार नाही. तिच्यासमोरच सांगेन, की आम्ही दोघेही घेत होतो, आणि पहिली पुडी दादाच्या हातावर मीच ठेवली होती.

तुझा धाकटा,
बाळू