भन्तेबाबांची सही

घरून, वर्षावासाचा दुसरा महिना

तीर्थरूप मावशीच्या पायांशी पियकचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत, काकांचा खोकला थांबला का, ओट्याखालची मांजरी व्याली का, हे सगळं आधीच विचारून घेते. पुढे माझी भीती एकदा सुरू झाली की तुमच्या चौकशीला जागा उरणार नाही. इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे आई खुशाल आहे, बाबा विहारात आहेत, आणि माझ्या घशाखाली गेला महिनाभर धड चिकटभातसुद्धा उतरलेला नाही. पासपोर्टपायी.

आमच्या शेतकी शाळेतून वर्षभर जपानच्या सफरचंदाच्या बागेत शिकायला माझी निवड झाली, हे तुला ठाऊक आहे. बाबांना नवस बोलायला तूच लावलंस, हेही तुला ठाऊक आहे. (तूच म्हणालीस ना, एवढ्या लांबच्या कामाला अंड्याकेळ्यांवर भागत नाही, काहीतरी जड बोला.) बाबा जड बोलले. पोरीची निवड झाली तर पावसाळ्याचे तीन महिने चीवर घेऊन भिक्षू होईन म्हणाले. निवड झाली. बाबांनी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली, डोकं भादरलं, मिशी उतरवली, भुवयाही काढल्या आणि वर्षावासाला बसले. गाव जेवून तृप्त झालं. मग शाळेतून निरोप आला की वीस वर्षं पूर्ण नसलेल्या मुलीच्या पासपोर्टसाठी आईबाप दोघांनी कचेरीत येऊन संमतीची सही करायची, आणि पासपोर्ट वेळेत आला नाही तर जागा दुसऱ्या मुलीला मिळेल. म्हणजे मला धाडायला बाबा भिक्षू झाले, आणि भिक्षू झाले म्हणून मला धाडता येईना. वर्षावासात रात्र आपल्याच विहारात काढायची असते, आणि कचेरी घाटापलीकडे.

बाबांना चला म्हणून सांगायचं कोणी? आईनं. पण आईला आता त्यांच्यावर ओरडता येत नाही. चिखलाच्या चपला घरात आणतो म्हणून ज्या माणसाला तिनं जन्मभर फैलावर घेतलं, त्याच्यापुढे ती रोज सकाळी गुडघे टेकून भात वाढते. मग तिनं युक्ती काढली. ती भिक्षापात्राशी बोलायला लागली. "पात्रानं ऐकावं," ती म्हणाली, "आणि ह्या पोरीचा बाप कुठे भेटला तर त्याला सांगावं, मंगळवारी पहिल्या गाडीनं निघायचंय." पात्र गप्प राहिलं. बाबांनी डोळे मिटून आशीर्वाद म्हटला, नेहमीपेक्षा जरा लांबवून. मोठ्या भन्तेंनी जायला हरकत घेतली नाही, फक्त अंधाराच्या आत परत या म्हणाले.

गाडीत बाबा पुढे, भिक्षूंसाठी राखलेल्या बाकावर, आणि आम्ही दोघी पार मागे, कारण बायकांना भिक्षूशेजारी बसायची सोय नाही. सगळा जन्म त्यांचा गाडी हाकण्यात गेलेला. घाटात प्रत्येक वळणाला चीवराखालून त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता, ते मला मागून दिसत होतं. वरच्या वळणावर टायर बसला. लोक वैतागले, मी मात्र पांढरीफटक पडले. (एका टायरसाठी एवढी का, ते ताजा कलमात आहे, आत्ता विचारू नकोस.) बाबा खाली उतरले, सवयीनं हात पुढे केला, तर ड्रायव्हरनं हात जोडून त्यांना सावलीत बसवलं. दुसऱ्याला चाक बदलताना नुसतं बघत राहणं हे बाबांना उपाशी राहण्यापेक्षा जड गेलं असावं.

कचेरीत कन्यावी नावाच्या कोणा मुलीला पुकारत होते. ती काही उठेना. हल्लीच्या मुली बहिऱ्या आहेत का, असं आई शेजारच्या बाईला म्हणालीसुद्धा. शेवटी बाबांनी पुढून वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा मला आठवलं की कन्यावी मीच. (मावशी, पुराच्या रात्री जन्मले म्हणून पियक, म्हणजे ओली; ते सोडून दुसऱ्या नावानं मला कोणी कधी हाक मारली आहे का?)

मग फोटो. कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत, आणि चेहरा घाबरलेला नको. पहिल्या दोन अटी मी पाळल्या. तेवढ्यात यंत्रच बंद पडलं, आणि मला टायर आठवला. ते पुन्हा चालू झालं तेव्हा माझा चेहरा जो काही होता तो कायमचा राहिला.

सहीच्या टेबलापाशी एक तरुण बाई होती. बाबांच्या ओळखपत्रावर झुबकेदार मिशीचा माणूस, समोर गुळगुळीत भन्ते. ती एकदा कार्ड बघे, एकदा बाबा. आईला विचारलं, हेच का ते? आई म्हणाली, "मिशी काढा म्हणून लग्नापासून सांगत होते. ऐकलं, पण भुवयांसकट." बाईंनी हसू गिळलं, हात जोडले, आणि मुलीला परदेशी पाठवायला भन्तेंची संमती आहे ना, असं विचारलं. बाईमाणसाला भिक्षूच्या हातात काही देता येत नाही, म्हणून पेन टेबलावर ठेवलं.

बाबांनी पेन उचललं नाही.

मावशी, मला वाटलं, आता नाही म्हणणार. म्हणावं असंही वाटत होतं, आणि म्हणतील अशी भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला नाही सांगता येणार. आई जमिनीकडे बघत होती. या खेपेला तिच्याजवळ पात्रही नव्हतं.

"भिक्षूची काही हरकत नाही," बाबा म्हणाले. "बापाला जरा दम घेऊ दे."

बाई थांबल्या. मागची रांगही थांबली. मग बाबांनी सही केली, आणि ती फार वाकडी आली.

उजेडात परतलो. विहाराच्या दाराशी मी बसून नमस्कार केला. एरवी मी कुठे निघाले की ते माझ्या डोक्यावर हात ठेवतात, आता भिक्षूला मुलीला शिवता येत नाही. मी जाईन तेव्हाही ते चीवरातच असणार. ते म्हणाले, "कान झाकत जा. तिकडे बर्फ असतो." आणि आत गेले. मी घरी येईपर्यंत रडले. आईनं फक्त माझी पिशवी घेतली.

काल पासपोर्ट टपालानं आला. वर सोनेरी गरुड, आत मी, मुंगूस बघितलेल्या कोंबडीसारखी. काकांना नमस्कार सांग.

तुझी,
पियक

ता. क. : आता टायरचं. तू बाबांना जड नवस बोलायला लावलंस त्याच संध्याकाळी मी तुझ्या दारापुढच्या वडाखालच्या राखणदार आजोबांच्या ठाण्याशी गुपचूप गेले होते. मला जायला लागू नये, पन्नास उकडलेली अंडी वाहीन, असं बोलून आले. त्या वेळी फार भीती वाटत होती. आता पासपोर्ट आला, म्हणजे आजोबा पावले नाहीत, मग घाबरायचं काय, असं तू म्हणशील. पण आजोबा किती उशिरा पावतात ते तूच सांगतेस. थोरल्या ताईच्या लग्नासाठी तू जो नवस केलास तो तिला दुसरं मूल झाल्यावर पावला आणि तिच्यासाठी आणखी एक स्थळ आलं. माझा जर विमान समुद्रावर असताना पावला तर? म्हणून हे पत्र. तू जा आणि माझा नवस मागे घे. आजोबांपुढे लाल सरबताची बाटलीही ठेव, स्ट्रॉ लावून. आईला कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा : रात्रभर विचार केला. सगळाच मागे घेऊ नकोस. "जायला लागू नये" एवढं काढायला सांग आणि त्या जागी "परत येऊ दे" एवढं ठेव. अंडी तेवढीच.