साहेबांचा घास आणि माझी कवळी

ताई, सगळ्यांत आधी आल्या त्या विहीणबाई. पाळणाघराच्या बाई सोमवारी सकाळी दहाला येणार होत्या, आणि ह्या पावणेनऊलाच दारात. खांद्याला पिशवी आणि पिशवीतून बदकाचं पिवळं डोकं बाहेर आलेलं. मी म्हटलं हे काय, तर म्हणाल्या, त्या जुन्या भांड्यावर बसून आपला नातू चारचौघांत काय हुशारी दाखवणार. म्हणजे शी-शूचं नवं भांडं आणलं होतं. बसायचं बदकाच्या पाठीवर आणि धरायचं मानेला. मी तोंडसुद्धा धुतलं नव्हतं अजून.

अगं, पण नमस्कार राहिलाच. तर ताई, तुझ्या धाकट्या बहिणीचा तुला साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण माझ्या गुडघ्यांनी वाकायचं काम यंदापासून सोडून दिलंय). तुझा खोकला कसा आहे? औषध घेतेस की अजून बाटली कपाटावर ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? भाऊजींची झोप कशी आहे? तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले म्हणून रागावू नकोस. चौथीनंतर माझं लिहिणं वाण्याच्या यादीपुरतंच, हे तुला ठाऊक आहे. त्यात घरात एक माणूस पावणेदोन वर्षांचं आहे, आणि आम्ही तिघं मोठी मिळून त्याला पुरे पडत नाही.

तर पाळणाघराची गोष्ट अशी. सूनबाईची रजा या महिन्याअखेर संपते. ती बस चालवते हे तुला माहीत आहे, पण तिला चालवताना तू पाहिलं नाहीस. मी एकदा मुद्दाम शेवटच्या थांब्यापर्यंत बसून गेले. एवढं मोठं धूड ती भाजीबाजाराच्या वळणावरून एकाही टोपलीला धक्का न लावता असं काढते, की मला उठून सगळ्यांना सांगावंसं वाटलं, ही माझी सून (शेजारी बसलेल्या बाईला सांगितलंच). डेपोने तिची सकाळची फेरी एक तारखेपर्यंत राखून ठेवली आहे, नंतर ती दुसऱ्याला देणार. साहेबांना मीच सांभाळलं असतं (नातवाला आम्ही साहेब म्हणतो, हात मागे बांधून घरभर तपासणी करत फिरतात म्हणून), पण साहेब आता पळतात, आणि मी खुर्चीतून उठेपर्यंत ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असतात. तेव्हा पाळणाघर. जवळपास धड असं एकच आहे, त्यात जागा एकच रिकामी, आणि त्या बाईंची रीत अशी की मूल आधी त्याच्या घरी जाऊन बघायचं. अटही एकच पक्की. मूल आपल्या हाताने खाणारं हवं. बाईंनी फोनवरच सांगितलं होतं, माझ्याकडे पोरं आठ आणि हात दोन. दुधाचं, भांड्याचं थोडं पुढेमागे झालं तरी चालेल, घास मात्र ज्याचा त्याने.

दुधाचं म्हणशील तर त्यावरून महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं सगळ्यांनी. अंगावरचं दूध कधी तोडायचं यावर प्रत्येकाचं मत. समोरची शिंपीणबाई म्हणाली एका दिवसात तोडा. विहीणबाई म्हणाल्या शिस्तीत, आठवड्याला एक वेळ कमी. आमचे चिरंजीव (लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे जगात सगळं बटणावर चालतं असं त्यांना वाटतं) म्हणाले, तो मागायचा थांबेल तेव्हा थांबेल. मग एक दिवस सूनबाईला डोळे तपासायला अर्धा दिवस डेपोत जावं लागलं. साहेब झोपून उठले, पलंगाखाली बघितलं, दाराआड बघितलं, शेवटी माझ्याकडे आले. मी कपात दूध दिलं. ते प्यायले आणि दुधाची मिशी घेऊन खेळायला गेले. झालं, इतकंच. तिकडे डेपोतून सूनबाईचे सात फोन. रडतोय का, शोधतोय का. मी खरं ते सांगत होते की अजिबात नाही, तर सातव्या फोनला तीच रडली. आठव्याला मी म्हटलं, हो गं, जरासा रडला. तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

खाण्याचं मात्र असं सहज झालं नाही. चमचा दिसला की साहेब तोंड असं मिटायचे, जसं काही आत कुलूप आहे. विमान करून झालं, चिऊचा काऊचा करून झालं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात, जुनी हरवल्यावर, मला नवी कवळी मिळाली. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजी, आधी मऊ खायचं, बारीक तुकडे करून, हळूहळू, दोन्ही बाजूंनी चावत. म्हणजे साहेब आणि मी एकाच इयत्तेत. एके दुपारी मी बशीत उकडलेला बटाटा घेऊन जमिनीवर बसले (बसले एकटी, उठवायला दोघं लागली, ते सोड) आणि डॉक्टरांनी सांगितल्यासारखा चावत होते. नव्या दातांचा आवाज होतो, कट्कट् असा. साहेब हात मागे बांधून आले, समोर बसले, माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि माझ्या बशीतला तुकडा उचलून स्वतःच्या हाताने तोंडात घातला. चावला. गिळला. मी हललेसुद्धा नाही, न जाणो पाखरू उडून जायचं. त्या दिवसापासून आमची समोरासमोर पंगत. मी घेतला की ते घेतात, मी चावलं की ते चावतात. मी पाणी प्यायले तर ते कप तोंडाला लावून निम्मं छातीवर ओततात. पण कवळी काढून बसले की सगळं बंद. मी बोळक्याने चघळते, मग तेही चघळतात आणि चघळून झालं की बाहेर काढून माझ्या हातावर ठेवतात. ही तऱ्हा आहे.

भांड्याचं खातं विहीणबाईंकडे होतं. त्या शाळेत कवायत शिकवायच्या, त्यामुळे टाळ्यांवर त्यांचा फार विश्वास. पहिल्यांदा भांड्यात काही पडलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या, शिंपीणबाईने समोरच्या खिडकीतून वाजवल्या. साहेबांनी सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. बसले असताना पडलं म्हणून टाळ्या, हे आम्हाला कळत होतं. त्यांना कळलं ते एवढंच की भांड्यात काहीतरी पडलं की टाळ्या मिळतात. दुसऱ्या दिवशी भांड्यात चमचा होता. मग कंगवा. मग चिरंजीवांचा स्क्रू-ड्रायव्हर, जो ते सगळ्या लिफ्टमध्ये शोधून आले. आणि विहीणबाई प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायच्या, म्हणायच्या, मुलाचा उत्साह मोडू नये.

तर सोमवार. बदक मोरीत नेऊन ठेवलं. माझी कवळी खालच्या बाजूला टोचत होती म्हणून मी ती काढून पाण्याच्या वाटीत घातली आणि वाटी मोरीतल्या स्टुलावर ठेवली, म्हटलं बाई आल्या की लावू. बाई बरोबर दहाला आल्या. बारीक चणीच्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, वहीला पेन अडकवलेलं. चपला काढल्या, खुर्ची नको म्हणाल्या, जमिनीवर बसल्या आणि साहेबांकडे बघत राहिल्या. मी मोरीत गेले तर वाटीत पाणी होतं, कवळी नव्हती. स्टुलाखाली बघितलं, बादलीत बघितलं. शेवटी तोंडावर रुमाल धरून येऊन बसले. बाई मला विचारायच्या आणि उत्तर विहीणबाई द्यायच्या. सांगून मोकळ्या झाल्या की आजींची दाढ दुखतेय. (दाढ. माझी. असो.)

एवढ्यात मोरीत गेलेले साहेब बाहेर आले. दोन्ही हातांत बदक धरलेलं, पावलं अगदी मोजून टाकलेली. ते त्यांनी बाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. बदकाच्या पोटात माझी कवळी, वरची आणि खालची, आपल्याच घरात हसत बसल्यासारखी. (भांडं कोरं होतं, तेवढं एक बरं.) आणि ताई, विहीणबाईंनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

बाईंनी वाकून आत बघितलं, मग माझ्याकडे, मग विहीणबाईंकडे. म्हणाल्या, "यातले कोणाचे?"

"माझे नाहीत," विहीणबाई म्हणाल्या, आणि खात्री पटावी म्हणून सगळे दात दाखवले.

मी घाईघाईने हात घातला, ओली कवळी निसटली आणि खालची फरशीवर पडून तिचे सरळ दोन तुकडे झाले. दाताचे डॉक्टर म्हणतात बारा दिवस लागतील.

पुढचं तुझ्या ध्यानात आलंच असेल. सूनबाईने बटाटा आणला, साहेब माझ्यासमोर बसले, मी बोळक्याने चघळला. त्यांनीही चघळला आणि अदबीने बाहेर काढून बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी तो रुमालात गुंडाळला. बाई चांगल्या आहेत गं, मला वाटल्या तशा कडक नाहीत. म्हणाल्या, याला उचलता येतं, तोंडापर्यंत नेता येतं, समोरच्याच्या ताटात याचं लक्ष आहे, म्हणजे तयारी आहे. पण मला तो गिळताना दिसला पाहिजे. भांड्याचंही सांगितलं. तुम्ही म्हणता तसा दोन-दोन तास कोरा राहतो, ओलं झालं की चड्डी ओढतो, करायचं असलं की पडद्यामागे जातो, म्हणजे त्याला कळतंय, तुम्ही फक्त टाळ्या थांबवा. विहीणबाईंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. दुधाचं सूनबाईने भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, दिवसा कपाने पितोय ना, मग कामावरून आल्यावर तुम्ही घ्या की जवळ, त्यात माझ्या पाळणाघराचं काय जातं. सूनबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण जागेचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणखी एक मूल यादीत आहे, आपल्या हाताने खाणारं. पुन्हा एकदा येऊन बघते, तेव्हाही नाही दिसलं तर शुक्रवारी जागा त्यांना देणार.

त्या गेल्यावर सूनबाई मला म्हणाली, "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फेरी काय, पुढच्या वर्षी मिळेल." असं म्हणून इस्त्री करून दाराला अडकवलेला गणवेश घडी घालून कपाटात ठेवला. मला तेच लागलं. तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरांकडे ती मला रिक्षाने घेऊन गेली, येताना तिची जुनी बस समोरून गेली तेव्हा तिने मान वळवून ती चौकाच्या पलीकडे जाईपर्यंत बघितली, आणि मग मला विचारलं, संध्याकाळी पातळ काय करू तुमच्यासाठी.

असो. बाकी सगळे खुशाल. साहेबांना दाढ येतेय, मला जातेय, तेवढाच फरक. तुझ्या जावयाच्या हाती हे पत्र देते, तो आज मालाची गाडी घेऊन तुमच्याकडे परत निघालाय. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. खोकल्याचं औषध घे.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण लिहायला लाज वाटत होती. तुझी जुनी कवळी अजून आहे ना, ती पाठव. मागच्या वर्षी तुझ्याकडे राहिले तेव्हा सकाळी अंधारात मी तुझी लावली होती आणि तू माझी, आणि दुपारी सफरचंद खाईपर्यंत दोघींच्या लक्षात आलं नव्हतं. आपले जबडे एकाच साच्यातले आहेत. जावई उद्या, बुधवारी, पुन्हा इकडे येणार आहे, त्याच्याकडे डबीत घालून दे. त्याला सांग, आत सुपारी आहे. मी इथे चांगली घासून धुऊन घेईन. सूनबाईला काही बोलले नाहीये, मिळाली नाही तर उगाच तिची दुसऱ्यांदा निराशा.

ता. क. दुसरा. वरचं लिहीत असताना फार वेळ शांतता वाटली म्हणून टेबलाखाली वाकून बघितलं. साहेब एकटेच बसलेत. हातात माझ्या बशीतला बटाटा, अर्धा संपलेला. चावतायत, गिळतायत. माझ्याकडे पाठ आहे. मी तशीच सरळ झाले, अजून कोणाला सांगितलं नाही. तरी कवळी पाठवच. त्यांनी बघितलं नाही तरी मला त्यांच्यासमोर बसून धड चावायचं आहे. बाईंनी जाताना दारातच वहीत तारीख लिहून घेतली, तीही पेनाने, म्हणजे येणारच: गुरुवार, सकाळी दहा.