ह्वांग साहेबांच्या कपाळावरचं अंडं

तीर्थस्वरूप आत्यास,

सोलहून ग्युसोकचा दोन्ही गुडघे आणि कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार. (कपाळ हा शब्द लिहितानाही हल्ली माझा हात थबकतो. कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? मिरचीच्या रांजणांवर झाकणं नीट आहेत ना? ती लाल कोंबडी अजून पोस्टमनच्या मागे धावते का? आईबाबांच्या मागे तूच मला वाढवलंस, म्हणजे माझी लाज ती तुझीही लाज, म्हणून सगळं लिहितो.

हेवॉनबद्दल तुला सांगितलंच आहे. तिच्या वडिलांनी, म्हणजे ह्वांग साहेबांनी (निवृत्त कवायत मास्तर, घरातसुद्धा सावधान स्थितीत बसतात), लग्नाला हो म्हणण्याआधी मला रविवारी जिमजिलबांगच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक स्नानगृहाच्या, गरम खोल्यांत बोलावलं. माणूस घामाघूम झाला की खरा कळतो, असं त्यांचं मत. हेवॉनने बजावलं, अंडी घरूनच उकडून आण, तिथली विकत घेतलीस तर बाबा उधळ्या म्हणतील. (बाहेरचं खाणं न्यायला तिथे मनाई आहे, त्यामुळे सगळे टॉवेलात गुंडाळून नेतात.) अंडी उकडायला तर मला तूच शिकवलंस. पाण्याला उकळी आली की अंडी सोडायची, अंगण झाडायला घ्यायचं, झाडून झालं की अंडी दगडासारखी घट्ट. घड्याळाकडे तू कधी बघू दिलं नाहीस. मी अगदी तसंच केलं. अंडी सोडली, झाडू घेतला, खोली झाडली, अंडी काढली. आत्या, तुझ्या अंगणात बोराचं झाड आहे, खुराडं आहे, मध्येच शेजारणीशी कुंपणावरून गप्पाही होतात. माझ्या खोलीत झाडू आडवा धरला तर दोन्ही भिंतींना लागतो. हे मला तेव्हा सुचलं नाही.

मिठाच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. नोकरी, सैन्यातले दिवस, दारू किती, सगळी चौकशी झाली आणि खरं सांगतो, मी बरा उतरत होतो. मग ह्वांग साहेबांनी डोक्याचा टॉवेल काढून कपाळ पुढे केलं. डोक्यावर अंडं फोडून खाणं आपल्यात नवीन नाही, पण होणाऱ्या सासऱ्याचं कपाळ म्हणजे काय चेष्टा आहे? मी चाचरलो.

"अरे फोड की! एवढी हिंमत नाही आणि मुलगी मागायला आलास?"

मोठ्यांना काहीही देताना दोन्ही हात लावावेत, ही तुझी शिकवण. मी लवून, दोन्ही हातांनी, अत्यंत आदराने हाणलं.

पुढचं काय लिहू? पांढरं जेमतेम धरलं होतं, बलक मात्र मोकळा. तो आधी भुवईत थांबला, मग नाकाच्या कडेने निघाला आणि मिशीत शिरला. कोपऱ्यात आडवी झालेली एक आजी ओरडली, "अगंबाई, म्हाताऱ्याचं डोकं फुटलं!" हेवॉनने टॉवेलात तोंड लपवलं. ती रडत होती की हसत होती, हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही. जमीन दुभंगेल तर बरं असं मला वाटलं, पण ती गरम मिठाची होती आणि जागची हलली नाही. ह्वांग साहेबांनी मिशी चाटली, मग ते उठून तोंड धुवायला गेले.

तेव्हापासून मला अंड्याकडे बघवत नाही. असो. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा (अजून म्हणवून घेणार असशील तर)
ग्युसोक

ता. क. – परवा ह्वांग साहेबांचा फोन आला. दोन्ही घरांच्या बैठकीला ते तयार आहेत. आपल्याकडून वडीलधारं माणूस तूच. तू आली नाहीस तर माझं लग्न अडलं म्हणून समज.

आणखी एक – सांगायचं राहिलंच. तोंड धुऊन आल्यावर त्यांनी विचारलं होतं, "कुणी उकडली ही?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याने गावाहून पाठवली." मला फार लाज वाटते गं. पण बैठकीत तेवढं हो म्हणशील ना?

शेवटचं – त्यांचा तुला निरोप आहे, जसाच्या तसा लिहितो: "आत्याबाईंना म्हणावं, या खेपेला अंडी मी आणतो. त्यांनी फक्त कपाळ घेऊन यावं."