काशी सोडून बाकीची गावं

२० सप्टें. ९९, सोम.
सांगलीहून कुलकर्णींचा फोन, बाबांचे जुने यजमान. वडिलांचं श्राद्ध इथे काशीत बाबांकडून करवायचंय, अर्ज आपल्या वेबसाइटवर दोनदा भरला, तरी उत्तर नाही. बाबांच्या मेलमध्ये काहीच नाही. पितृपक्ष आठवड्यावर. बाबा म्हणाले, "यजमानांनी टाकलं मला."

२१, मंगळ
सायबर कॅफेत तीन तास. अर्ज भरला, बटण दाबलं, मेल आली. परत भरला, परत आली. मग लोकांचीच का येत नाही? कॅफेवाले भैया म्हणे, "दीदी, नेट ठीक है, आपके फारम में गड़बड़ है."
फॉर्म विन्याने लिहिलाय. माझा चुलतभाऊ. याज्ञिकी बाबांकडे शिकला, कंप्यूटर माझ्याकडे. फोन केला. "ताई, सर्व्हर स्लो आहे गं. टेन्शन नको घेऊ."

२२, बुध
अर्ज तपासताना दर वेळी आजोबांचंच नाव घालते, गाव काशी. आज माझंच नाव टाकायला निघाले तर बाबा भडकले. "जिवंत माणसाचं श्राद्ध लिहितेस? शिव शिव!"
मग नाव आजोबांचंच ठेवलं, त्यांना न सांगता गाव सांगली केलं. पडद्यावर 'धन्यवाद' आलं. मेल नाही!

२३, गुरु
जावास्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचलं. बटण दाबलं की आधी गाव बघतं. काशी असेल तर निरोप बाबांच्या पत्त्यावर. दुसरं काहीही असेल तर विन्याच्या. पत्ता पडद्यावर दाखवणारा अलर्ट लावून पाहिलं, त्याचाच पत्ता समोर.
मेल्या! म्हणजे चूक नाहीच ही. श्राद्धाच्या अर्जात आपल्या घरात कुणी खोटं गाव लिहिणार नाही, हे पक्कं ठाऊक होतं त्याला. मीच शिकवलं ना त्याला 'इफ' लिहून अट कशी घालायची...

२४, शुक्र
दूधविनायक मोहल्ल्यात विन्याच्या घरी गेले. मान वर न करता म्हणाला,
"काकांना घाट उतरवत नाही आता. यजमान परक्याकडे जाण्यापेक्षा घरातच राहिले ना?"
"मग मागायचे होतेस."
"दिले असते?"
चहा तसाच टाकून उठले. वाटेत रडू आलं, गल्लीत, सगळ्यांदेखत. कॅफेत जाऊन ती ओळ काढली. सांगली टाकून पाहिलं, मेल आली. आनंद कसला डोंबलाचा!

२५, शनि
बाबांना अजून सांगितलं नाही. दुपारी बाबा यजमानांच्या वंशावळीच्या वह्या कापडात बांधत होते.
"विन्याला बोलावलंय पाचला. तुझ्या त्या यंत्राचं काही खरं नाही. यजमान त्याच्या हाती देतो, आपलं माणूस आहे."
"बाबा, थांबा जरा."
"का गं?"
त्यांनी गाठ मारली. आता पावणेपाच.